एक ते चार बंद राहील

हल्ली रविवारी संध्याकाळी सातला मराठी घरांत एक नवं कीर्तन असतं. त्याला वेबिनार म्हणतात. प्रवेश फुकट, बुवांच्या जागी कोच. आख्यान ठरलेलं: नोकरीच्या जाचातून सुटा, आपल्या जगण्याच्या मापाचा छोटा धंदा काढा, घरच्यांना वेळ द्या. बुवांच्या मागे इंग्रजी पुस्तकांचं कपाट, पुढे कॉफीचा मग. घरचे शेजारच्या खोलीत दार लोटून, टीव्हीचा आवाज बंद करून जेवताहेत, कारण बाहेर बाबा 'घरच्यांना वेळ कसा द्यावा' हे सांगताहेत.

पूर्वरंगात बुवांची गरिबी, उत्तररंगात बुवांची गाडी. मध्ये 'माइंडसेट', 'फनेल', 'व्हॅल्यू' यांचा गजर. शेवटी आरतीच्या ताटाऐवजी एक लिंक फिरते: पन्नास हजारांचा कोर्स आज रात्री बाराच्या आत पाच हजारांत. श्रोता वहीभर टिपणं काढून उठतो.

"काय विकतात हे?" बायको विचारते.

"कोर्स."

"कसला?"

"धंदा कसा करावा याचा."

"आणि यांचा स्वतःचा धंदा कुठला?"

"कोर्सचा."

बायको ओटा पुसायला जाते. तिचं टिपण पूर्ण झालेलं असतं.

कोच मंडळींबद्दल मला आकस नाही. रविवारी संध्याकाळी माणूस काय काय करू शकतो ते पाहता, वही-पेन घेऊन बसलेला बराच म्हणायचा. आणि सल्लाही मुळात खोटा नाही. धंदा लहान असावा, तो आपल्या आयुष्यात मावावा, आपण काय करतो ते समोरच्याला एका दमात सांगता यावं. यात वावगं काय? वावगं एवढंच, की हे सांगायला अडीच तास लागतात आणि तरी ते सांगितलं जात नाही.

या विषयातली खरी परीक्षा लग्नाच्या पंगतीत होते. परीक्षक म्हणून एक काकू असतात. समोर स्टार्टअपवाला पुतण्या.

"अरे, हल्ली करतोस काय तू?"

"काकू, आम्ही एसएमई स्टेकहोल्डर्सना एंड-टू-एंड सोल्युशन्स देतो."

"बरं. पण लोक तुझ्याकडे काय घ्यायला येतात?"

पुतण्या मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावतो. काकू सोडत नाहीत. "पैसे कोण देतं? तोच परत येतो का दुसऱ्या खेपेला?" गुंतवणूकदार हेच तीन प्रश्न विचारायला पंचतारांकित हॉटेलात हॉल घेतात. काकू ते वरणभातावर तूप वाढून घेता घेता विचारतात आणि उत्तर मिळालं नाही, की शेजारणीला हळूच सांगतात, "अजून शोधतोय वाटतं."

काकूंचं निदान नेमकं आहे. ज्याला आपलं काम सांगता येत नाही, त्याची भाषा कच्ची आहे असं आपण समजतो आणि त्याला वक्तृत्वाच्या शिबिराला धाडतो. भाषा बिचारी ठीक असते. ठरलेलं नसतं. त्यातही काय करायचं ते पुष्कळदा ठरलेलं असतं. काय करायचं नाही, कोणासाठी करायचं नाही आणि किती वाजल्यानंतर करायचं नाही, हे ठरलेलं नसतं. मग वाक्य लांबतं, त्यात 'सोल्युशन्स' येतात. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा धंदा त्याच्या आयुष्यात मावत नाही. रात्री साडेअकराला फोन वाजतो, हा उचलतो, आणि 'माझा वेळ माझ्या हातात' हे स्टेटस बदलायचं राहून जातं.

आता पुणं. (तिरकस सदर पुण्यावरून गेलं नाही तर संपादक मानधन कापतात.)

'दुपारी १ ते ४ बंद राहील' या पाटीची उभ्या महाराष्ट्राने काय कमी टवाळी केली? पण पाटी म्हणून ती एकदा नीट वाचा. काय मिळणार नाही आणि कधी मिळणार नाही, ते पाच-सहा शब्दांत. कारण नाही, दिलगिरी नाही, 'आपल्या सहकार्याच्या अपेक्षेत' नाही. वाचणाऱ्याला दुसरा प्रश्न पडत नाही. ज्यांच्या नावाने ही पाटी गाजली, त्या चितळे बंधूंचं पुण्यातलं दूध-मिठाईचं दुकान १९५० सालचं. दुधाचा धंदा पहाटे उठतो. पहाटे उठलेला माणूस दुपारी जेवून आडवा होतो. हेच स्पेनमध्ये केलं की त्याला संस्कृती म्हणतात आणि आपण ती बघायला व्हिसा काढून जातो. बाजीराव रस्त्यावर केलं की माज.

२०१७ मध्ये चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या. त्याच वर्षी राज्याचा दुकानांचा नवा कायदा आला आणि दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली. पुण्याची दुपार त्या वर्षी दोन्ही बाजूंनी गेली.

पण एक गोष्ट पुणेकर अभिमानापोटी सांगत नाहीत. एक ते चार बंद ठेवायला चार वाजता रांग लागेल अशी बाकरवडी लागते. तेवढ्यावर पाटी टिकते. मालात दम नसताना नुसती पाटी उचलली, तर काही महिन्यांत तिच्यावरचे आकडे खोडून 'कायमचे' असं लिहावं लागतं. कोचच्या कोर्समधून बाहेर पडलेली मुलं नेमकं हेच करतात. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी 'मी सोमवारी काम करत नाही' हे जाहीर करतात. मंगळवारीही करत नाहीत, पण ते नाइलाजाने.

बाकीच्या पुणेरी पाट्यांवरही थोडा अन्याय झाला आहे. 'येथे पत्ता विचारू नये' हे वाचून आपण हसतो. पण त्या पाटीमागे हजार वेळा विचारलेला एक प्रश्न उभा असतो, आणि हजार वेळा कागद-पेन्सिल बाजूला ठेवून, दुकानाबाहेर येऊन, हात लांब करून दिलेलं एक उत्तर. आजच्या कंपन्या 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं पान लिहायला माणसं नेमतात. पुण्यातल्या दुकानदाराने ते काम खडूने केलं. खवटपणा होता, मान्य. मजकूर मात्र कधी चुकला नाही.

समजावून सांगण्याचा मराठीतला माझा आवडता नमुना मात्र पाटीचा नाही, पुस्तकाचा आहे. 'रुचिरा' १९७० साली आलं. त्याआधी घरातलं पाकशास्त्र अंदाजाच्या कारभारावर चाले. तेल किती? लागेल तेवढं. भाजायचं किती वेळ? खमंग होईपर्यंत. खमंग झालं हे कसं कळायचं? "कळतं गं." ज्याला येतं त्यालाच समजेल असं सांगणं, हा आपल्याकडचा फार जुना उद्योग आहे, आणि त्यात आज्या व प्राध्यापक बरोबरीने आहेत. कमलाबाई ओगल्यांची शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली आणि पदार्थ लिहून काढले. वाचणारीच्या घरात तराजू नसेल, सासू गावी असेल, हाताखाली कुणी नसेल, एवढं त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. पुढे परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ते पुस्तक गेलं. जिला विचारायला शेजारी कुणी नाही, तिला ते समजलं. याहून कठीण परीक्षा कुठल्या सल्लागाराने दिली आहे?

कोचच्या भाषेत वाट्या-चमचे नसतात. सगळं 'चवीनुसार'. व्हॅल्यू द्या, चवीनुसार. नेटवर्क वाढवा, चवीनुसार. स्वतःवर विश्वास ठेवा. किती? खमंग होईपर्यंत.

आणि आयुष्यात बसणारा धंदा म्हणाल, तर तो अमेरिकेतून यायच्या आधी गिरगावातल्या एका गच्चीवर वाळत पडला होता. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे त्याचं लिज्जत झालं, चाळीस हजारांहून जास्त बहिणी त्यात आल्या. सकाळी केंद्रावर जायचं, कालचे लाटलेले पापड द्यायचे, लाटणावळ घ्यायची, आजचं पीठ घेऊन घरी यायचं. मग शाळेचा डबा, सासऱ्यांचं औषध, नळाचं पाणी यांच्या मधल्या फटींत पापड लाटायचे. कुणी 'फ्लेक्सी-टाइम' म्हटलं नाही. अटीही सरळ: पीठ केंद्राचं, लाटणं घरी, वाळवायला स्वच्छ जागा हवी, माल पसंत पडला पाहिजे. सभासद फक्त बायका. पुरुषांना हिशेब लिहायला किंवा गाडी चालवायला पगारावर ठेवतात. सहा दशकांत या कलमावर एकही पुरुषहक्क परिषद भरली नाही, याचं श्रेय बहुधा पापडाला जावं.

याचं गोडगुलाबी चित्र रंगवायचं कारण नाही. लाटणावळ किलोवर मिळते, मनगट आपलं जातं, आणि घरकामात बसणारा धंदा म्हणजे घरकाम कमी होणं नव्हे. पण पीठ घेणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी माहीत असतं, काय करायचं, किती मिळणार, कधी मिळणार. पुतण्याच्या कंपनीतल्या माणसांना हे नेमणूकपत्र वाचूनही कळत नाही.

डबेवाल्यांचं तर काय सांगावं! व्यवस्थापनशास्त्र त्यांच्यावर फिदा आहे. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर धडा लिहिला. तेव्हापासून सेमिनारांत डबेवाल्यांना फेटे बांधून बसवतात, अचूकतेबद्दल टाळ्या वाजवतात, आणि बाहेर पडल्यावर चहाचं कूपन कुठे द्यायचं हे तीन स्वयंसेवक तीन तऱ्हेने सांगतात.

डब्याचं झाकण बघा. मधोमध मोठा आकडा: डबा कोणत्या भागात जायचा. कडेला एक आकडा, दोन-तीन अक्षरं आणि पुन्हा एक आकडा: कोण पोचवणार, कोणती इमारत, कितवा मजला. रंग आणि खूण: कोणत्या स्टेशनावरून निघाला. संपलं. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही, 'हाताळताना काळजी घ्या' नाही. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच त्याला दिसतं. घरून डबा उचलणाऱ्याला ते घर पाठ असतं, म्हणून ते झाकणावर लिहिलेलंच नसतं. हे असं का घडलं? लोकल मोठ्या स्टेशनात ४० सेकंद थांबते, मधल्या स्टेशनात २०. तेवढ्यात डोक्यावरचे खोके आत जायला हवेत. समजावून सांगायला ज्याच्याकडे चाळीस सेकंद असतात त्याचं झाकण तयार होतं. ज्याच्याकडे अडीच तास असतात त्याचा वेबिनार होतो.

हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. सेमिनारात जी स्लाइड घाईने पुढे सरकवली जाते ती सुट्टीची. दरवर्षी चैत्राच्या सुमारास हे लोक पाच-सहा दिवस अवघ्या मुंबईला कँटीनच्या हवाली करून गावी जातात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर. कुलदैवताची जत्रा असते. आधी सांगतात, मग जातात. 'सेवेत तात्पुरता व्यत्यय' नाही, बदली माणूस नाही, ॲप नाही. गिऱ्हाइकं तेवढे दिवस वडापाव खातात आणि हे परत आल्यावर डबा देतात. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स मुंबईत आले आणि त्यांना डबेवाल्यांना भेटायचं होतं. भेट झाली ती चर्चगेटला, डब्यांच्या वेळेत डबे न थांबवता बसेल अशी. इंग्लंडच्या युवराजाला जी वेळ सांगता आली, ती आपल्याला सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगता येत नाही. "येतो ना, येतो, दहा मिनिटांत येतो," म्हणत आपण हातातलं काम टाकून पाण्याच्या टाकीवर चढतो.

याच डबेवाल्यांच्या गोष्टीचा दुसरा अंक कुणी सांगत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, कचेऱ्या बंद झाल्या, डबे बंद झाले. कचेऱ्या पुन्हा उघडल्या तेव्हा अर्धे साहेब घरूनच काम करत होते आणि बायकोच्या हातचं गरम जेवत होते. डबे पूर्वीइतके झाले नाहीत. कितीजणांनी रिक्षा धरली, कितीजण गावाकडे राहिले. झाकणावरची खूण अजून तितकीच स्वच्छ आहे. आपला धंदा आपल्या आयुष्यात कितीही नीट बसवला, तरी तो उभा असतो दुसऱ्याच्या आयुष्याच्या वेळापत्रकावर. त्याने दुपारी घरी जेवायचं ठरवलं, की डबेवाल्यांची सव्वाशे वर्षं जागच्या जागी उभी. हा भाग पाच हजारांच्या कोर्समध्ये नसतो. पन्नास हजारांच्या कोर्समध्ये असेल, तर तो तरी कुठे विकला जातो?

सरकार या सगळ्यात कुठे आहे, असं विचाराल तर आहे. सरकारने लहान धंद्याची व्याख्या केली आहे. १ एप्रिल २०२५ पासून ज्याची वर्षाची उलाढाल १० कोटींपर्यंत आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, तो 'सूक्ष्म' उद्योग. दहा कोटी म्हणजे सूक्ष्म! मग आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मोदक करणाऱ्या वहिनी कोण? उद्योगखात्याला त्या दिसायच्या तर भिंगही सरकारीच लागेल. दुकानांच्या कायद्याने नोकराला आठवड्याची सुट्टी दिली, हे उत्तम झालं. पण वहिनींकडे नोकर नाही. मालक त्या, कामगार त्या, डिलिव्हरीवाला मुलगा दहावीत. मालकाला सुट्टी कोणत्या कलमाने मिळते?

रिझर्व्ह बँकेचं मात्र मी मनापासून कौतुक करतो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जाबरोबर बँकेने एक तथ्यपत्रक द्यायचं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत: व्याज धरून एकूण वार्षिक खर्च किती टक्के, कोणतं शुल्क किती. त्यात जे लिहिलेलं नाही ते शुल्क त्याच्या संमतीशिवाय लावायचं नाही. 'काय ते नीट सांगा' एवढं बँकांना समजावायला देशाच्या मध्यवर्ती बँकेला परिपत्रक काढावं लागलं, ही गोष्ट वेगळी. पण निदान कागद आला. वहिनींच्या धंद्यात तोही नव्हता.

घरबसल्या धंदा करणारी बाई बसलेली मी अजून पाहिलेली नाही. वहिनींचं सुरू झालं ते असंच. कुणाच्या तरी डोहाळजेवणाला एकवीस मोदक करून दिले, तोंडातोंडी गेलं, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला. ग्रुपवर फोटो फार सुरेख. कळी अशी, पाकळ्या अशा. खाली 'किंमत इनबॉक्समध्ये'. किंमत लपवायला तो काय दागिना आहे? पण वहिनींना वाटे, आकडा दिसला तर लोक बिचकतील. त्याऐवजी काय होई? चाळीस जणी इनबॉक्समध्ये येत, चाळीस वेळा आकडा टाइप करावा लागे, आणि प्रत्येकीला वाटे, हा भाव खास मलाच सांगितलाय म्हणजे घासाघीस चालत असणार.

रात्री साडेदहाला: "वहिनी, उद्या सकाळी सातला अकरा मिळतील का? अगदी अर्जंट आहे." गणपती काय अचानक आला? सकाळी: "घरच्याच आहात, काहीतरी कमी करा." दुपारी: "गूळ कमी घाला, मग स्वस्त पडतील ना?" नवरा म्हणे, एवढी दगदग कशाला, पण ती बँकेतली मोठी ऑर्डर सोडू नकोस. नणंदेचा तर हक्कच. "मला कसले पैसे लावतेस!" असं म्हणून ती डबा घेऊन जाई, आणि डबाही परत येत नसे.

शेवटी वहिनींनी ग्रुपवर टाकायला एक मजकूर लिहिला. चांगला दोन पानी झाला. सुरुवातीला सर्वांचे प्रेम आणि आशीर्वाद, मग काही अपरिहार्य घरगुती कारणांचा उल्लेख, मग 'शक्यतो ऑर्डर लवकर द्यावी', 'जमल्यास आगाऊ रक्कम', 'रात्री उशिरा फोन टाळल्यास उपकृत होऊ', आणि हात जोडलेल्या चिन्हांची एक रांग. टाकण्याआधी त्यांनी तो सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई निवृत्त शिक्षिका नाहीत, मॅनेजमेंट गुरू तर नाहीतच. त्यांनी आयुष्यभर मंडईत भाजी घेतली आहे.

"'शक्यतो' काढ," त्या म्हणाल्या. "शक्यतो म्हणजे बारा वाजता पण करा असंच वाचतात लोक."

"आणि ही घरगुती कारणं?"

"कारण सांगू नकोस बाई. कारण सांगितलं की लोक त्या कारणाशी भांडत बसतात. तुझी पाठ दुखते म्हणालीस तर बाम सुचवतील."

"'जमल्यास आगाऊ'?"

"जमलं नाही तर काय करणार आहेस? उधार देणार आहेस?"

वहिनी गप्प. 'जमल्यास' गेलं. 'उपकृत' गेलं. हात जोडलेल्यांपैकी एक जोडी सासूबाईंनी ठेवू दिली, कारण शेवटी आपण माणुसकीत राहतो. उरलं ते असं:

'उकडीचे मोदक. एक नग ४० रुपये. कमीत कमी ११. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत. पैसे आगाऊ. डबा आपला आणावा. रात्री ८ नंतर आणि रविवारी फोन बंद. मे महिन्यात पंधरा दिवस गावी.'

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"एक ओळ राहिली," म्हणून सासूबाईंनी स्वतः सांगितली: 'नात्यात सवलत नाही.'

"अहो आई, वन्संना काय वाटेल?"

"माझीच मुलगी आहे ती. मला माहितीये काय वाटेल."

मजकूर गेला. पहिला तासभर ग्रुप असा गप्प, की वहिनींना वाटलं इंटरनेट गेलं. मग बँकवाल्या बाईंचा अंगठा आला. दुसऱ्या एकीने 'बरं झालं सांगितलंत, दरवेळी विचारायला संकोच व्हायचा' असं लिहिलं. तिघीजणी ग्रुप सोडून गेल्या, त्यातली एक नणंद. जाताना तिने 'असो' एवढंच लिहिलं.

पुढच्या संकष्टीला शेजारच्या इमारतीतल्या कुणा बाईंच्या नावाने एकवीस मोदकांची ऑर्डर आली. आदल्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला. पैसे आगाऊ. यूपीआयवर नाव मात्र नणंदेचं.